खुराड्यातला पावसाळा

जुन्नर गावाच्या दक्षिणेला मानमोडी नावाचा डोंगर आहे. त्यात भीमाशंकर, अंबिका आणि भूतलिंग अशा तीन गटांत बौद्ध लेणी खोदलेली आहेत. त्यातल्या एका शिलालेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी 'पोढी' म्हणजे पाण्याचं टाकं आणि मंडप दान दिल्याची नोंद आहे. ते वर्ष शक मोजलं तर इसवी सनाचं १२४ येतं. एवढं सगळं कोरून ठेवलेलं. आता त्याच तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर जा आणि एखाद्या आजीला विचारा की यंदा कोंबड्या कशानं गेल्या. उत्तर ठरलेलं असतं : "मानमोडी आली."

डोंगराचा आणि रोगाचा संबंध नाही, उगाच जोडू नका. मानमोडी म्हणजे पुस्तकातला रानीखेत रोग. कोंबडीची मान पिळवटते, पंख लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं. इंग्लंडात न्यूकॅसलला हा रोग १९२६ साली दिसला, आपल्याकडे एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने कुमाऊंतल्या रानीखेतला १९२७ मध्ये ओळखला आणि ते नाव चिकटलं. मराठीत मात्र लोकांनी लक्षणावरून आपलं नाव ठेवलं. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही बऱ्याच गावांत मानमोडीच म्हणत. थोडक्यात, फटाफट माणसं किंवा कोंबड्या मरायला लागल्या की म्हणायचं, मानमोडी आली.

माझा मुद्दा असा आहे की पावसाळ्यात मरणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत या नावानं बराच गोंधळ केला आहे. आषाढात वाडीवर जी पिल्लं मरतात, त्यातली कितीतरी मानमोडीनं मरत नाहीत. ती ओलीनं मरतात. पण 'ओलीनं मेली' असं कुणी म्हणत नाही, कारण ओल हा काही रोग नव्हे. ओल असतेच. आणि जी गोष्ट असतेच तिचा इतिहास कुणी लिहीत नाही. टाकं खोदणाऱ्या अमात्याचं नाव दोन हजार वर्षं टिकतं, खुराडं कोरडं ठेवणाऱ्या बाईचं कशाला टिकेल? म्हणून हा पुरावा कागदात शोधून उपयोग नाही. तो घराच्या रचनेत, म्हणींमध्ये आणि सणांच्या वेळापत्रकात शोधावा लागतो. गेले काही शनिवार-रविवार मी तोच उद्योग केला.

आधी भूगोल, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पूर्व-पश्चिम लांबुडके आहेत. पश्चिमेला सह्याद्रीची धार : नाणेघाट, ढाकोबा, आहुपे, भीमाशंकर. पूर्वेला नारायणगाव, आळेफाटा, मंचर, म्हणजे सपाट काळी जमीन. भीमाशंकरला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि जुन्नर गावात सातशेच्या आसपास. नाणेघाट ते जुन्नर हे अंतर तीसेक किलोमीटर. एवढ्या अंतरात पाऊस चौपटीनं उतरतो. पुण्याहून सकाळी निघून दुपारी पश्चिमेला पोचलो की गाडीच्या काचेवरचे वायपर थांबवायची सोय नसते, आणि संध्याकाळी परत मंचरला यावं तर रस्ता कोरडा आणि लोक चहाच्या टपरीवर पाऊस नाही म्हणून रडतायत.

यामुळे कोंबड्या पाळणाऱ्यापुढे दोन अगदी वेगळे प्रश्न उभे राहतात. पूर्वेचा प्रश्न चिखलाचा, पश्चिमेचा प्रश्न ओलीचा. आपण शहरातले लोक या दोन्हीला एकच समजतो.

पूर्वेची काळी माती पाणी धरून ठेवते. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तिचे सगळे बारीक रंध्र बंद होतात आणि वरचं पाणी वरच राहतं. एका जोराच्या सरीत अंगणाचा राडा होतो. त्या राड्यात कोंबड्यांनी पाय घातले की पायाला मातीचे गोळे चिकटतात, त्याच पायांनी त्या अंड्यांवर बसतात, अंडी बरबटतात. पण दोन दिवसांत ऊन पडतं, माती तडकते आणि प्रश्न संपतो. पश्चिमेला उलट. तिथली तांबडी, मुरमाड, उताराची जमीन पाणी चटकन सोडते. चिखल भातखाचरात असतो, तोही मुद्दाम केलेला. अंगणात फार साचत नाही. पण तिथे काही वाळतच नाही. आषाढात आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही, ढग घरात शिरतात, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, काड्यापेटी ओढली तर गूल नुसतं सटकून येतं.

म्हणजे पूर्वेला पाण्याला वाट करून दिली की काम झालं. पश्चिमेला वाट असूनही भागत नाही, तिथे हवा कोरडी करावी लागते. हे दोन्ही उपाय वेगळे, आणि एका भागातला उपाय दुसऱ्या भागात नेला की फसतो. सरकारी योजनांच्या बाबतीत नेमकं तेच झालं, पण ते पुढे.

पश्चिम भागातली माणसं, म्हणजे मुख्यतः महादेव कोळी, काही ठिकाणी ठाकर आणि कातकरी, उतारावरच्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झटत आलेली आहेत. डोंगराच्या उताराला दगडी बांध घालून, माती धरून भाताची खाचरं तयार करायची, आणि तेही गावानं मिळून, एकमेकांच्या रानात आळीपाळीनं राबून. याला तिकडे पडकई म्हणतात. या उतारावर पाण्याशी फार लाडीगोडी चालत नाही, हे ३० जुलै २०१४ ला माळीणनं दाखवलं. आंबेगाव तालुक्यातलं हे गाव सकाळी डोंगराखाली गेलं आणि दीडशेच्या वर माणसं गेली. त्याची कारणं काय यावर तेव्हा पुष्कळ वाद झाले, त्यात मी इथे शिरत नाही. सांगायचं एवढंच की जिथे पाऊस अख्खं गाव नेऊ शकतो, तिथे खुराड्याची ओल हा कुणाला तक्रारीचा विषय वाटत नाही. बायका मुकाट्यानं काय ते करत राहतात.

तर त्या काय करत आल्या?

पहिली गोष्ट, कोंबडीला वेगळं घरच नव्हतं. जुनं घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कुड, त्याला शेणामातीचा गिलावा, वर गवताचं किंवा नंतर कौलांचं छप्पर. रात्री माणसं, गुरं आणि कोंबड्या एकाच छपराखाली. कोंबड्या गोठ्याच्या कोपऱ्यात, नाहीतर ओट्याच्या पोटात केलेल्या खुराड्यात, नाहीतर सरळ डालग्याखाली. डालगं म्हणजे बांबूची मोठी गोल पाटी, ती कोंबड्यांवर पालथी घालायची आणि वर दगड ठेवायचा. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण आपण राजकारण्यांना ऐकवतो, पण नीट वाचली तर तो या डालग्याचाच दाखला आहे. कोंबडा रात्री झाकला जायचा, घरातच, आणि ज्याला पहाटे त्याचं आरवणं नको असेल त्याच्या हाताशी तो असायचा. एखाद्या म्हणीत शेतीची अवजारं सापडतात तशी ही एक घरगुती वस्तू जपून राहिली आहे.

हे अस्वच्छ होतं, असं आपण पटकन म्हणू. म्हणण्यासारखं आहेही. पण चुलीचा हिशेब लक्षात घ्या. (इंजिनियरची खोड, आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.) बाहेरची हवा २२ अंश आणि आर्द्रता ९५ टक्के आहे असं धरा. श्रावणातल्या आहुप्यात यात काही विशेष नाही. हीच हवा घरात आली आणि चुलीनं २८ अंशांपर्यंत गरम झाली, तर हवेतलं पाणी तेवढंच राहूनही तिची आर्द्रता ६६ टक्क्यांपर्यंत उतरते. कारण गरम हवा जास्त पाणी धरू शकते. म्हणजे नुसत्या सहा अंशांच्या उबेनं हवा पुन्हा 'तहानलेली' होते आणि ओलं वाळायला लागतं. वर धूर छपरातून जातो आणि जाता जाता हवा ओढून नेतो. चूल हे त्या घरातलं वाळवणीचं यंत्र होतं. भाकरी हा तिचा एक उपयोग.

दुसरा हिशेब कोंबडीचा. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर-सव्वाशे ग्रॅम विष्ठा टाकते आणि त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणी असतं. दहा कोंबड्या धरल्या तर रोज सुमारे नऊशे मिली, महिन्याला सत्तावीस लिटर पाणी. छप्पर गळत नसलं, भिंतीतून पाझर नसला, तरीही हे सत्तावीस लिटर खुराड्यात आतूनच येतं. उन्हाळ्यात ते आपोआप उडून जातं. आषाढात जात नाही. या पाण्याचं काय करायचं, हाच खरा प्रश्न आहे. छपराच्या गळतीला लोक उगाच सगळा दोष देतात.

अर्थात छपराचंही पाणी कमी नाही. सहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा साध्या घरावर एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला (घाटमाथ्यावर हा काही मोठा पाऊस नव्हे) तर तीन हजार लिटर पाणी खाली येतं. दोन्ही बाजूंना दीड-दीड हजार. ते सगळं सहा मीटरच्या एका रेषेवर पडतं. त्या रेषेला मराठीत पागोळी असा सुंदर शब्द आहे, आणि छपराच्या त्या खालच्या कडेला वळचण. वळचण भिंतीपासून जितकी पुढे तितकी पागोळी दूर, आणि जोतं तितकं कोरडं. पागोळी पडते तिथे चर खणून दगडगोटे भरले की पाणी उसळत नाही, आणि भिंतीवर शिंतोडे उडत नाहीत. ओट्यातलं खुराडं वळचणीच्या आत यायचं. पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाच्या बाजूला पेंढ्याचे किंवा पानांचे झाप बांधायचे, ते दिवाळीला सोडायचे.

तिसरी गोष्ट राख. चुलीची राख रोज खुराड्यात पसरायची. ती ओल शोषते. शिवाय कोंबडी मातीत लोळून पिसांतल्या उवा झाडते, आणि पावसाळ्यात तिला कोरडी माती मिळत नाही. म्हणून एखाद्या कोपऱ्यात फुटक्या पाटीत राख ठेवली की तिथे ती अंघोळ करते. भात कांडून उरलेलं तूसही टाकायचं. दोन्ही गोष्टी फुकटच्या, घरातल्याच, आणि नेमक्या पावसाळ्यात भरपूर, कारण चूल जास्त पेटते.

चौथी गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली, कारण ती बांधकामात नाहीच. ती पंचांगात आहे. आपल्याकडे आखाडात गावोगाव देवीला, म्हसोबाला कोंबडं देतात. आषाढी अमावास्येला गटारी. मग श्रावण लागला की महिनाभर मांस बंद. आता हे वेळापत्रक खुराड्याच्या बाजूनं बघा. ओल वाढायला लागते, कोंबड्या आजारी पडायची वेळ येते, नेमक्या त्याच आठवड्यांत जादाचे कोंबडे कापले जातात किंवा चांगल्या भावानं विकले जातात. जुलैच्या शेवटी खुराड्यात उरतात त्या पाच-सहा जाणत्या कोंबड्या. दहाच्या पाच झाल्या की आतलं पाणीही निम्मं झालं. मग गर्दी कमी, श्रावणात त्यांना कुणी हात लावत नाही, पाऊस ओसरतो, आणि ओल गेल्यावर खुडूक झालेल्या कोंबडीखाली अंडी बसवली की पिल्लं कोरड्या दिवसांत निघतात. गटारी ही काही कुक्कुटपालनासाठी काढलेली नाही, धर्माची कारणं धर्माला. पण असं वेळापत्रक असलेल्या समाजात कोंबड्या टिकणं सोपं गेलं असणार, असं मला वाटतं.

रानातल्या कोंबडीचंही तेच. भीमाशंकरच्या जंगलात राखी रानकोंबडा आहे. त्याची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते मे, पावसाच्या आधी. रात्री तो झाडावर बसतो, जमिनीवर नाही. आपली पाळीव कोंबडी मुळात उत्तरेकडच्या आणि आग्नेय आशियातल्या तांबड्या रानकोंबडीची वंशज, पण तिच्या पिवळ्या कातडीचं जनुक या आपल्या राखी रानकोंबड्याकडून आलं, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. म्हणजे नाशिकपासून न्यूयॉर्कपर्यंत जी पिवळ्या पायांची कोंबडी दिसते, तिच्यात थोडा वाटा भारतातल्या या जंगली पक्ष्याचा. सह्याद्रीच्या पावसात राहायची या मंडळींची रीत साधी आहे : पिल्लं पावसाआधी, झोप फांदीवर. चार महिने ओल्या जमिनीवर एका जागी कोंडून राहणं त्यांच्या रक्तात नाही.

कोंडून राहिलं की काय होतं? कोंबडीच्या आतड्यात एक सूक्ष्म परजीवी असतो, आयमेरिया. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा ती निरुपद्रवी असतात. त्यांना पिकायला तीन गोष्टी लागतात : ऊब, हवा आणि ओल. पंचवीस-तीस अंशांत, ओलसर तुसात, ती एक-दोन दिवसांत पिकतात. पिल्लू टोचा मारतं, ती पोटात जातात, आणि आठवड्याभरात रक्ती हगवण. तूस कोरडं असेल तर पिकणं रखडतं. म्हणजे रोगाचं बी सगळीकडेच असतं, ओल त्याचं पाणी घालते. शिवाय बुरशी. ओल्या पेंढ्यावरची बुरशी पिल्लांच्या फुप्फुसात जाते, ती तोंड वासून धापा टाकतात आणि मरतात. तिसरा अमोनिया. विष्ठेतल्या युरिक आम्लाचा जिवाणू अमोनिया करतात, आणि त्यांनाही ओल लागते. खुराड्यात वाकल्यावर डोळे चुरचुरले तर समजावं की कोंबडी रात्रभर तेच हुंगत होती. या तिन्हींपैकी एकाही मरणात मान वाकडी होत नाही. तरी नाव मानमोडीचंच.

आता सरकारचं पर्व. स्वातंत्र्यानंतर, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१), देशभर कुक्कुटविकासाची योजना आली. मुंबईत आरेला आणि इतर काही शहरांत केंद्र सरकारची कुक्कुट केंद्रं निघाली. पांढरी लेगहॉर्न, तांबडी ऱ्होड आयलंड रेड अशा विलायती जाती खेड्यांत आल्या. पुण्याला खडकीचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आपल्या जिल्ह्यातल्या कित्येकांना ठाऊक असेल, तिथून पिल्लं आणणं हा अनेक घरांत एक कार्यक्रमच असायचा. आणि या कोंबड्यांबरोबर एक शब्द आला : डीप लिटर. मराठीत त्याला गादी पद्धत म्हणतात.

ही गादी अमेरिकेतल्या ओहायोची. तिथल्या कृषी संशोधन केंद्रात केनार्ड नावाच्या गृहस्थांनी १९४० च्या दशकात पाहिलं की खुराड्यातला भुसा वरचेवर बदलण्याऐवजी तसाच ठेवून वर नवा टाकत गेलं, तर पिल्लं उलट जास्त चांगली जगतात. भुशात विष्ठा कुजते, ऊब निघते, जिवाणूंची एक वसाहत तयार होते, आणि कोंबड्यांना त्यातून बी-१२ सारखी जीवनसत्त्वंही मिळतात. १९४८ मध्ये बी-१२ सापडलं तेव्हा या कोड्याचा एक भाग उलगडला. त्याच वर्षाच्या सुमारास रक्ती हगवणीवर खाद्यात मिसळायचं सल्फा औषधही आलं. गादी आणि औषध या दोन पायांवर पुढची मोठी पोल्ट्री उभी राहिली.

कल्पना उत्तमच आहे. पण गादीची एक अट असते : तिच्यात पाणी २०-२५ टक्क्यांच्या आसपास राहिलं पाहिजे. मूठभर भुसा दाबला तर गोळा होऊन लगेच सुटला पाहिजे. गोळा तसाच राहिला तर गादी ओली. पूर्वेला, नारायणगाव-मंचरकडे, ही अट वर्षातले बहुतेक दिवस आपोआप पाळली जाते. पश्चिमेला जून ते सप्टेंबर ती पाळणं जवळपास अशक्य. ना ऊन, ना चुलीची ऊब, कारण आता कोंबड्या 'शास्त्रीय पद्धतीनं' घराबाहेर, जाळीच्या वेगळ्या शेडमध्ये गेल्या. पुस्तक म्हणतं गादी दर दोन दिवसांनी खालीवर करा. ९५ टक्के आर्द्रतेत खालीवर करून काय वाळणार? माझ्या आजोळच्या वाडीवर (आंबेगावच्या पश्चिम अंगाला) अशी पिल्लं वाटली गेली होती त्याच्या आठवणी लोक अजून सांगतात : पहिल्या पावसापर्यंत छान, मग एकेक. आणि निदान काय? मानमोडी.

आणखी एक घोळ चुन्याचा. ओल आली की चुना टाका, असं सर्रास सांगितलं जातं. चुना ओल शोषतो आणि जंतूंनाही मारतो, हे खरं. पण चुना अल्कधर्मी आहे, आणि गादी जितकी अल्कधर्मी तितका तिच्यातला अमोनिया जास्त सुटतो. म्हणजे ओल्या, कुजलेल्या गादीवर बंद खुराड्यात चुना टाकला तर त्या रात्री वास वाढतो. हवा खेळती नसेल तर हा उपाय कोंबडीच्या डोळ्यांवर येतो. राखेचंही थोड्याफार प्रमाणात तेच. जुन्या घरात राख चालायची, कारण वर धुराची वाट उघडी होती. अमेरिकेत १९५० च्या दशकात याच कारणासाठी गादीत सुपरफॉस्फेट मिसळून बघितलं गेलं, ते आम्लधर्मी आणि अमोनिया धरून ठेवणारं. आपल्याकडे सुपरफॉस्फेट भाताच्या खाचरात जातं, खुराड्यात कशाला कोण टाकेल. असो.

पुढची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, नंतर तिचं मुख्य ठाणं पुणं झालं. १९८२ मध्ये अंड्यांच्या भावासाठी एनईसीसी आली, आणि दूरदर्शनवर 'संडे हो या मंडे' सुरू झालं. उंच जोत्याच्या, पूर्व-पश्चिम लांबीच्या शेड उभ्या राहिल्या. या दिशेचं मला फार कौतुक वाटतं : लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंड करून राहिली की ऊन कमी शिरतं, आणि आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून मारा करतो तो आखूड भिंतीवर बसतो. झाप बांधणाऱ्या आजीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

ज्यांना अशी शेड परवडत नव्हती, त्यांच्यासाठी बंगळुरूची गिरिराज, हैदराबादची वनराज अशा परसातल्या जाती निघाल्या. काटक, रंगीत, जास्त अंडी देणाऱ्या. त्या टिकल्याही, पण त्यांचं वजन जास्त. गावठी कोंबडी संध्याकाळी फडफड करत आंब्याच्या फांदीवर जाऊन बसते, भरलेल्या गिरिराजला ते जमत नाही. ती जमिनीवरच बसते, म्हणजे ओलीतच.

आणि मग फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. मोठ्या फार्मांबरोबर आसपासच्या परसातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या. पुणे जिल्ह्यात रोग नव्हता, तरी भाव कोसळले, आणि 'मोकळ्या कोंबड्या धोक्याच्या, कोंडून ठेवा' हे वाक्य रेडिओपासून ग्रामसभेपर्यंत सगळीकडे पोचलं. रोगाच्या दृष्टीनं त्यात तथ्य आहे. पण कोंडून ठेवायचं म्हणजे विष्ठा, श्वास आणि ओल सगळं एकाच चौकटीत ठेवायचं, याचा विचार ते वाक्य करत नव्हतं. पश्चिमेकडच्या बाईला कोंबड्या म्हणजे नवऱ्याला न विचारता खर्चता येणारे पैसे. बाळहिरड्याचा हंगाम उन्हाळ्यात संपतो, भात दिवाळीला येतो, आणि मधल्या चार महिन्यांत मुलाची वही, एसटीचं तिकीट, दवाखाना यासाठी एक कोंबडा विकला जातो. नेमक्या त्याच चार महिन्यांत खुराडं ओलं असतं.

यात शेवटची भर घातली बिबट्यानं, आणि ही साखळी मला इतिहास म्हणून फार विलक्षण वाटते. पश्चिमेकडचं पाणी अडवायला कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली : येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगावच गेलं; आज आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावला आहे आणि ज्याच्यावरून नाव पडलं ते गाव तळाशी. कालव्यांचं पाणी पूर्वेला गेलं, तिथे ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने आले. उसात बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला, माद्या तिथेच पिल्लं घालू लागल्या. २००१ पासून जुन्नर वनविभागात माणसांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या सुरू झाल्या, माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. बिबट्या कुत्री खातो, शेळ्या खातो, आणि सोपं मिळालं तर खुराडंही साफ करतो.

त्यामुळे खुराडी बंद झाली. जाळीच्या जागी पत्रा, पत्र्याच्या मागे विटा, फटींना सिमेंट. बिबट्या, मुंगूस, रानमांजर सगळ्यांना दार बंद. आणि हवेलाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे घाम सुटतो, तो थेंबाथेंबानं गादीवर पडतो. म्हणजे छप्पर न गळताही वरून पाणी. पश्चिमेच्या डोंगरावरचं पाणी धरण, कालवा, ऊस आणि बिबट्या असा फेरा घेऊन शेवटी मंचरजवळच्या खुराड्यात ओल होऊन उतरलं. चिखलाच्या मुलखात आता ओलीचा प्रश्न आहे, आणि तोही उन्हात!

यावर लोकांनी काढलेल्या तोडी मी बघत हिंडतो. सर्वांत पटलेली तोड ओतूरच्या पुढे एका वस्तीवर दिसली. जुनी लोखंडी खाट, तिच्या पायांखाली दगड देऊन गुडघ्याच्या वर उचललेली, पट्ट्यांच्या जागी जाड वेल्डची जाळी. कोंबड्या त्या जाळीवर, विष्ठा खाली तुसाच्या ढिगात, तो ढीग आठवड्याला ओढून उकिरड्यावर. वर पत्रा, पण पत्र्याच्या आणि भिंतीच्या मध्ये वीतभर उघडी पट्टी, तिलाही दुहेरी जाळी, पंजा आत जाणार नाही अशी. पत्र्याखाली भाताच्या पेंढ्याचा थर, म्हणजे घाम सुटत नाही. राखेचं घमेलं वेगळ्या कोपऱ्यात, वळचणीखाली, दिवसा लोळायला. आणि पश्चिमेच्या बाजूला पेंढ्याच्या झापाऐवजी कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, चेहरा बाहेर करून, तारेनं आवळून बांधलेला. बाई म्हणाल्या, एक फ्लेक्स श्रावणापर्यंत टिकतो, मग फाटतो. पण पंचायतीच्या निवडणुका असल्या की दोन-तीन मिळून जातात.